बाळाचे रक्त बाळालाच मिळू द्या

नवजात बाळावर शस्त्रक्रिया करायची म्हटली की पहिला प्रश्न उभा राहतो तो रक्ताचा. अडीच किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते अवघे २०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पेलाभर. त्यातले २० मिलिलिटर गेले, तरी दहावा हिस्सा गेला! अन्ननलिका जोडलेली नसणे, शौचाची वाट नसणे असे जन्मजात दोष असतील, तर शस्त्रक्रियेला पहिल्या काही दिवसांपलीकडे थांबताही येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. बाळ जन्मते तेव्हा त्याचेच ८० ते १०० मिलिलिटर रक्त नाळेत आणि वारेत असते. नाळ लगेच चिमटा लावून कापली, की हे रक्त वारेबरोबर फेकले जाते. ते पिशवीत धरून, थंड ठेवून त्याच बाळाच्या शस्त्रक्रियेत वापरण्याचे प्रयत्न जपान, जर्मनीत झाले आहेत. कोलकात्याचे डॉ. निरंजन भट्टाचार्य यांनी रक्तक्षयाच्या मोठ्या रुग्णांनाही नाळेचे रक्त दिले. पण या पद्धतीला मर्यादा आहेत. रक्त पुरेसे मिळेलच असे नाही, जंतुसंसर्गाची भीती असते आणि त्यासाठी सुसज्ज रक्तपेढी जवळ लागते.

मग भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांनी काय करावे? माझे मत असे, की पिशवीच्या नादी न लागता ते रक्त नाळेतूनच बाळाच्या अंगात जाऊ द्यावे. बाळ रडले, श्वास नीट घेऊ लागले, की त्याला कोरडे करून आईच्या पोटावर ठेवावे आणि नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबावे. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. आपल्या सरकारच्या २०१८ च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातही उशिरा नाळ बांधण्यावर भर आहे. यातून बाळाला पुढच्या काही महिन्यांचे लोहही मिळते. मात्र बाळ श्वास घेत नसेल, तर आधी त्याचा श्वास सुरू करणे महत्त्वाचे. तो निर्णय डॉक्टरांचाच.

जुन्या सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. त्यांची अस्वच्छ हत्यारे धनुर्वाताला कारण ठरत, ती गेली हे उत्तमच झाले. पण त्यांचे थांबणे मात्र शहाणपणाचे होते.

दोन गोष्टी आणखी. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोष दिसला, तर बाळंतपण गावी किंवा तालुक्याला न करता पुण्यात, जिथे बालशल्यचिकित्सक आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशा रुग्णालयात करावे. अंगावर पेलाभर रक्त असलेले बाळ घेऊन घाट उतरण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच नेलेले बरे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, रक्त आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून २०११ पासून मोफत आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. नाळेचे रक्त वर्षानुवर्षे साठवण्यासाठी खासगी कंपन्या हजारो रुपये घेतात. त्या साठवतात त्या मूलपेशी. शस्त्रक्रियेत लागणारे रक्त त्यातून मिळत नाही. स्वतःच्याच बाळासाठी अशी साठवण करण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही. कर्ज काढून हा खर्च करू नये.

नाळेपाशी तीन मिनिटे थांबायला पैसा लागत नाही. बाळंतपणाआधी आपल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना एवढेच विचारा, 'नाळ जरा थांबून कापाल ना?'