पडायला तयार असलेला हल्लेखोर

आठ मार्च जवळ आला की शाळा-कॉलेजांत स्वसंरक्षणाची शिबिरं भरायला लागतात. हॉलमध्ये मॅट, बॅनरवर ठोसा मारणाऱ्या मुलीचा फोटो, दोन तासांत दहा-बारा ‘टेक्निक्स’, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. मनगट धरलं तर असं करायचं, केस ओढले तर तसं, मागून मिठी मारली तर आणखी तिसरंच. प्रत्येक हल्ल्याला एक ठरलेलं उत्तर, पाढे पाठ केल्यासारखं.

यात एक गोष्ट खोटी असते आणि नेमकी तीच सगळ्यांत महत्त्वाची असते: हल्लेखोर. तो मनगट धरतो आणि थांबतो. त्याचा दुसरा हात नुसता लोंबकळत असतो. तो भिंतीला रेटत नाही, शिवी देत नाही, आणि मुलीनं हात फिरवला की सोडून देतो, कारण त्याला तसं सांगितलेलं असतं. पडायला तयार असलेल्या माणसाला पाडणं ही कवायत झाली. कवायत करायला हरकत नाही. पण तिचं सर्टिफिकेट ‘आता तू सुरक्षित आहेस’ असं सांगून हातात देणं ही फसवणूक आहे.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या वर्गात समोरचा माणूस खराखुरा विरोध करत नाही, तिथे स्वसंरक्षण शिकवलं जात नाही. पाटी कराटेची असो, क्राव मागाची असो की मर्दानी खेळांची.

हे भांडण नवं नाही. 1882 साली टोकियोतल्या एका देवळात एकविशीतल्या जिगोरो कानोनं ज्युडोची शाळा काढली. तो जुजुत्सु शिकलेला होता. त्यात सांधे मोडणारे, जीवघेणे डाव भरपूर होते. अडचण ही की असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाहीत. म्हणून ते हळू, ठरवून, त्याच्या संमतीनं करावे लागतात. कानोनं धोकादायक डाव ‘काता’मध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले. उरलेल्यांवर ‘रांदोरी’ उभी केली: दोघांनीही जिंकायचा प्रयत्न करायचा, कुणी कुणाला मुद्दाम सोडायचं नाही. कमी घातक डाव, पण रोज पूर्ण जोरात. ‘आमचं टेक्निक इतकं डेंजरस आहे की त्याचं स्पारिंग होऊच शकत नाही’ असं सांगणाऱ्या प्रत्येक मास्तराला हे उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन झालंय.

कानोच्या शाळेतला मित्सुयो माएदा पुढे ब्राझीलला गेला. त्याची विद्या तिथल्या ग्रेसी कुटुंबात रुजली. 1993 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा दिसायला किरकोळ असलेल्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना हरवलं. रिंग म्हणजे रस्ता नव्हे, हे मान्य. रस्त्यावर पंच नसतो, हल्लेखोर एकटाच असेल याची खात्री नसते. पण न ऐकणाऱ्या माणसावर जे चालत नाही ते रस्त्यावर अचानक चालायला लागेल, असं मानायला काय आधार आहे?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कुठल्याही तालमीत जा. जोर-बैठका झाल्या की पोरं लाल मातीत उतरतात आणि एकमेकांना धरतात. एकेरी पट पाठ झाला का, हे तिथे कुणी विचारत नाही. समोरचा पाय मागे खेचत असताना पट लागला का, एवढंच बघतात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव अशाच मातीतून गेले होते. ‘प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ हा शब्द तालमीत कुणी वापरत नाही, कारण दुसऱ्या प्रकारचं ट्रेनिंग तिथे नसतंच.

ज्याला आपण सफाई म्हणतो, हालचालीतला ओघ म्हणतो, तो इथून येतो. चांगला पैलवान पट धरायला जातो, समोरचा पाय काढून घेतो आणि त्या पाय काढण्यातच याला पुढचा डाव सापडतो. हे ठरवून होत नाही. शेकडो वेळा फसलेल्या प्रयत्नांतून अंगाला ते कळलेलं असतं. विरोध नसेल तर डाव फसत नाही, आणि डाव फसला नाही तर पुढचा डाव सुचण्याची वेळच येत नाही.

जास्त टेक्निक्स म्हणजे जास्त सुरक्षा, हाही भ्रमच. पर्याय वाढतात तसा निवडायला लागणारा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रात हिकचा नियम म्हणून 1952 पासून माहीत आहे. त्यात भीतीनं छाती धडधडते, हात थरथरतात, बोटांची नाजूक कामं जमेनाशी होतात. अशा वेळी बारा उत्तरांतलं एक आठवून अंगठा नेमक्या कोनात वळवायचा? त्यापेक्षा तीन-चार ढोबळ गोष्टी अंगात मुरलेल्या बऱ्या: तोल सांभाळणं, पकड सोडवणं, खाली पडल्यावर उठणं आणि पळणं.

आता शिबिरांचा दुसरा खोटेपणा. तिथला हल्लेखोर नेहमी अंधारातला अनोळखी माणूस असतो. एनसीआरबीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. तिथे पहिली अडचण हात सोडवण्याची नसते. ‘दादा असं का वागतोय’ हे स्वतःशी मान्य करण्याची असते.

कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे 900 विद्यार्थिनींवर केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली: धोका ओळखणं, तो मान्य करणं, ओळखीच्या माणसालाही ठामपणे रोखण्याचा सराव, आणि त्यातलाच एक भाग म्हणून हातापायांचं शिक्षण. बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकवाल्या गटात 9.8 टक्के होतं, सत्रं केलेल्या गटात 5.2 टक्के. म्हणजे वेळ कमी असेल तरी काहीतरी करता येतं. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे मनगट सोडवण्याचे दहा प्रकार नव्हेत. मोठ्यानं ‘नाही’ म्हणायचाही सराव लागतो, आणि तोही समोरचा हसून ‘अगं, चेष्टा केली’ म्हणत असताना.

‘काहीच नसण्यापेक्षा बरं ना?’ हा आयोजकांचा आवडता बचाव. मुलीला खोटा आत्मविश्वास दिला तर जिथून पळायला हवं तिथे ती थांबेल. आणि शिकवलेलं चाललं नाही, तर ‘मलाच जमलं नाही’ हा दोषही तिच्याच माथी. सर्टिफिकेट देणारा तोवर पुढच्या कॉलेजात पोचलेला असतो.

‘मुलींना लागेल’ हा दुसरा बचाव. लागेल, थोडंफार. म्हणून विरोध पायरीपायरीनं वाढवायचा, आधी पडायला शिकवायचं, थांब म्हटलं की थांबायचं. किती जोर लावायचा हेही याच सरावात कळतं. भारतीय न्याय संहितेतली 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा 37 वं कलम देत नाही. जिला फक्त ‘डोळ्यांत बोटं घाल’ एवढंच शिकवलंय, तिच्याकडे मधली पायरीच नसते.

तेव्हा क्लास लावण्याआधी फी आणि पट्ट्याचा रंग विचारू नका. एक बॅच बसून बघा. समोरचा खरंच सुटायला, धरायला, पाडायला बघतोय का? शिकणाऱ्यांचे डाव फसतायत का? फसत नसतील तर चपला घाला आणि दुसरा क्लास शोधा.

आणि शाळा-कॉलेजांनी आठ मार्चचा तो हॉल दुसऱ्या कशासाठी तरी वापरावा. मॅट घेतलीच असेल तर ती वर्षभर अंथरलेली राहू द्या. आठवड्यातून दोन तास ज्युडो किंवा कुस्ती, आणि त्यात मुलगेही. समोरच्यानं ‘थांब’ म्हटलं की हात सोडायचा, हे त्यांनाही कुठेतरी शिकायचंच आहे.