भय आणि भयगंड

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याशेजारी आपली वस्ती. येथे रात्री बॅटरीवाचून न फिरणे, सापापासून जपून राहणे हे शहाणपणच होय. परंतु सापाचे नुसते चित्र पाहून ज्याच्या उरात धडधड होते, अंगाला दरदरून घाम सुटतो व जो त्या धास्तीने शेतावर जाणेही सोडतो, त्याला जडला तो भयगंड. कोणाला तो पाण्याचा असतो, कोणाला उंचीचा, कोणाला चारचौघांत बोलण्याचा.

आपली भीती अवाजवी आहे हे त्या माणसास बहुधा उमगत असते; म्हणूनच तो ती लाजेने लपवितो. आपण त्याला हसतो, अथवा त्याची श्रद्धा उणी म्हणतो. मीही एके काळी अशांस केवळ प्रार्थना सांगून परत पाठवीत असे. ती माझी चूक होती. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूही व्याकूळ झाला होता; भय हे पाप नव्हे.

टाळाटाळीने क्षणभर सुटका वाटते, परंतु भयगंड तिच्यावरच पोसतो. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली त्यावरील उपाय ग्रंथरूपाने मांडला: मन शांत ठेवून भयाला पायरीपायरीने सामोरे जावे, आधी चित्र, मग काचेआडचा साप. बळजबरी मात्र नको. हे जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे. त्यासाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

प्रार्थना अवश्य करा. आणि भ्यालेल्याचा हात धरून त्याच्याबरोबर पहिली पायरी चढा.