वजनाचा आलेख कोणासाठी?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या फलाटांवर एके काळी वजनाची यंत्रे उभी असत. नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, चकती गरगर फिरे आणि पुठ्ठ्याचे एक छोटे तिकीट खाली पडे. त्यावर वजनाच्या आकड्याबरोबर भविष्याची एक ओळ असे, कधी एखाद्या सिनेनटाचे चित्रही असे. वरळीहून गाडी पकडायला आलेला कारकून ते तिकीट खिशात टाकी आणि दोन दिवसांनी विसरून जाई. आज वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर पहाटे झपाझप चालणाऱ्या अनेकांच्या खिशातील फोनमध्ये वजनाची महिनोन्महिन्यांची नोंद असते. रोज आकडा भरावा, फोनने त्याची रेषा काढावी आणि 'उद्दिष्टापासून आपण इतके किलो दूर आहात' असे बजावावे, हा आता मध्यमवर्गीय घरांतला नित्यक्रम होऊ लागला आहे.

हा केवळ चैनीचा चाळा आहे असे म्हणून त्याची वासलात लावणे योग्य होणार नाही. स्वतःच्या व्यवहाराची नोंद ठेवणारा माणूस नोंद न ठेवणाऱ्यापेक्षा अधिक सावध असतो, हे घरखर्चाच्या वहीलाही लागू आहे. प्रश्न आहे तो ही खतावणी नीट वाचता येते की नाही आणि ती अखेर कोणाच्या हाती राहते, हा.

प्रथम वाचनाचा विचार करू. माणसाचे वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज खालीवर होते. आदल्या रात्री लोणचे-पापड अधिक झाले, मीठ वाढले की शरीर पाणी धरून ठेवते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काटा खाली आला म्हणून चरबी गेली असे होत नाही, आणि गणपतीच्या मोदकांनंतर तो वर गेला म्हणून सारी मेहनत वाया गेली असेही नाही. शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवशी घसरला म्हणून देशाचे उत्पादन घटले असे कोणी म्हणत नाही. अशा वेळी संख्याशास्त्राचा विद्यार्थी चल सरासरी काढतो. ऑटोडेस्क या संगणक कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉकर यांनी १९९१ मध्ये नेमके हेच वजनाच्या बाबतीत सुचविले होते: रोजच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, सरासरीची रेषा कोणत्या दिशेला झुकते तेवढे पाहा. आजच्या अनेक साधनांत ही सोय असते. पण पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकतो तो आजचाच आकडा. रोज सकाळी तो पाहून दिवस बिघडवून घेणारे विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, थोड्या नाहीत. त्यातून काहींचे जेवणच सुटते, ही गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी गफलत अंकगणितात आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, हे समीकरण १९५८ मध्ये वैद्यकीय साहित्यात रूढ झाले आणि पुढे अशा साधनांचा तो पायाच बनला. त्याप्रमाणे रोज १०० कॅलरी कमी केल्या, म्हणजे साधारणपणे साखरेच्या दोन लहान कप चहांना फाटा दिला, तर वर्षाला पावणेपाच किलो वजन उतरावे आणि दहा वर्षांत सत्तेचाळीस! चहा सोडून कोणी असे विरघळून गेल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये या हिशेबातील चूक गणिताने मांडली. वजन घटते तशी शरीराची गरजही घटते. त्यामुळे रोजच्या १०० कॅलरींच्या कपातीने एकूण साडेचार किलोच्या आसपास वजन कमी होते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, बहुतेक सारे तीन वर्षांत, आणि पुढे रेषा सपाट होते. ही सपाट रेषा दिसली की माणूस स्वतःला आळशी ठरवून प्रयत्न सोडतो. वस्तुतः चुकलेला असतो तो भाकीत करणारा सूत्रकार.

मराठी वाचकाला या वादात एक ओळखीचा सूर ऐकू यावा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची मोजणी केली तेव्हा दरडोई, दररोज २,२५० कॅलरींची गरज हा आधार धरला होता. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी मूलगामी आक्षेप घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दोन दशके काढून पुण्यास परतलेल्या या संख्याशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरजही काळाप्रमाणे बदलते. शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते. तेव्हा सरासरीच्या एका रेषेने माणसामाणसांची विभागणी करता येत नाही. दांडेकरांना हे मान्य झाले नाही आणि सुखात्म्यांच्या मतामुळे भुकेचे गांभीर्य कमी लेखले जाते, ही इतर टीकाकारांची शंकाही निराधार नव्हती. गरिबाचे शरीर कमी अन्नावर 'सावरते' ते काही फुकट सावरत नाही. परंतु शरीर म्हणजे स्थिर दराने चालणारी गिरणी नव्हे, हा सुखात्म्यांचा मुद्दा आज वजन घटवू पाहणाऱ्या सुखवस्तू माणसाच्या फोनलाही ऐकवण्यासारखा आहे. ज्या एककाने आपण उपाशी माणसे मोजली त्याच एककाने आता अतिरेक मोजत आहोत. चूकही तीच करीत आहोत.

तिसरी गोष्ट त्या हिरव्या पट्ट्याची. बहुतेक साधने उंची विचारतात आणि बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय काढून १८.५ ते २५ यांच्या दरम्यान असलेल्याला निर्धास्त करतात. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे. त्यांना लोकसंख्येचा 'सरासरी माणूस' हवा होता, रुग्ण तपासायचा नव्हता. हा पट्टा आपल्या शरीराला कितपत लागू पडतो याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले छायाचित्रच प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास करून याज्ञिकांनी असेही दाखविले, की हे 'सडपातळ-चरबीयुक्त' शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २५ ऐवजी २३ ही सावधगिरीची रेषा सुचविली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष बीएमआयनुसार स्थूल वा अतिवजनी आढळले. पण कंबर आणि नितंब यांच्या घेराचे प्रमाण पाहिले तेव्हा धोक्याच्या वर्गात ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष आले. याचा अर्थ, ज्यांना फोन 'आपण उत्तम आहात' असे सांगतो त्यांच्यापैकी कित्येकांना मधुमेहाची भीती आहे. शिंप्याकडची साधी टेप इथे अधिक खरे बोलते: पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा दक्षिण आशियाई लोकांसाठीचा दंडक आहे.

आहाराच्या नोंदीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 'एक वाटी आमटी' असे फोनला सांगणे सोपे. पण वाटी कोणाच्या घरची? पाच जणांच्या कढईत पडलेल्या फोडणीतले तेल माझ्या पानात किती आले, हे कोणते यंत्र सांगणार?

वाचनातल्या या चुका सुधारता येण्याजोग्या आहेत. खतावणी दुसऱ्याच्या हाती गेली की मात्र प्रकरण निराळे होते. एप्रिल २०२२ मध्ये झेरोधा या शेअर दलाली कंपनीचे प्रमुख नितीन कामत यांनी जाहीर केले, की ज्या कर्मचाऱ्याचा बीएमआय २५ च्या खाली असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बोनस मिळेल. हेतू चांगला असेल. टीकाही पुष्कळ झाली. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी जे निरीक्षण नोंदविले त्याचा मथितार्थ असा, की एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरू लागलो की ते मोजमाप म्हणून निकामी होते. परीक्षेतील टक्केवारीचे काय झाले हे शिक्षकांना सांगायला नको. बोनससाठी वजन उतरवायचे तर माणूस आरोग्य कमावण्याऐवजी मोजणीच्या आदल्या दोन दिवशी पाणी आणि जेवण तोडेल. आणि ज्याची थायरॉइडची गोळी चालू आहे, जी नुकतीच बाळंत झाली आहे, तिने या स्पर्धेत कोठे उभे राहावे?

वरळी-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आज काचेची कार्यालये उभी आहेत आणि कर्मचाऱ्यांच्या 'निरामयते'च्या योजना त्यांना नव्या नाहीत. अशा वेळी कायद्याचे छत्र केवढे आहे? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले, परंतु आरोग्यविषयक माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण दिले नाही. शिवाय नोकरीच्या प्रयोजनांसाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्यास वाव ठेवला. कर्मचारी संघटना महागाई भत्त्यावर अजून भांडतात; वजनाच्या आकड्यावर मालकाचा हक्क किती, हा प्रश्नही आता त्यांच्या मागणीपत्रात यायला हवा.

आणखी एक बाजू राहते. फोन प्रत्येक आकड्याचा जबाबदार एकट्या माणसाला धरतो. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणारा तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासी दिवसातून चार वेळा जिना चढ-उतार करी. ढोबळ हिशेबाने तीसेक कॅलरी. हॉल यांच्या गणिताने हा सव्वा-दीड किलोचा कायमचा फरक होतो, आणि त्यासाठी त्याला कसलाही निश्चय करावा लागत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते घर त्यांच्या हक्काचे होते आणि उद्वाहनही. जिन्याच्या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. त्याच महिन्यात किनारी रस्त्यालगतचा सागरी पदपथही लोकांना खुला झाला. पण त्यावर फिरायला दोन तास मोकळे असणारा माणूस आणि विरार-कल्याणहून येऊन-जाऊन तेच दोन तास लोकलमध्ये उभा राहणारा कारकून, या दोघांच्या आलेखाला फोन एकच उद्दिष्ट देतो. कारकुनाची रेषा वर गेली तर त्यातील किती भाग त्याच्या जिभेचा आणि किती कामाच्या वेळांचा, घराच्या अंतराचा, याची नोंद करायला त्या साधनात रकानाच नाही.