हिशेब फक्त बंदुकीचाच?

आमच्या घरात कुलपाच्या पेटीत एक ठासणीची बंदूक आहे. वडिलांना पीकसंरक्षणासाठी मिळालेली, त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झालेली. तिचे वय माझ्याहून जास्त असावे. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार काढला की दुसऱ्याची तयारी होईपर्यंत रानडुकरांचा कळप अर्धे वावर तुडवून पसार झालेला असतो. म्हणून आम्ही सहसा छर्रे घालतच नाही. नुसती दारू ठासून हवेत बार काढतो. आवाजाने डुकरे पळतात, रोही पळतात, आणि जागलीवर बसलेल्या माणसाची झोपही पळते.

राळेगाव तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. आयुष्यभर मास्तरकी केली, पण शेती सुटली नाही आणि बंदूकही सुटली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. मात्र हा परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पिकात शिरलेले रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. २०१५ साली राज्य सरकारने त्यासाठी पद्धत ठरवून दिली. पण अर्ज, पाहणी, पंचनामा आणि परवानगी हे सगळे पार पडेपर्यंत डुक्कर थांबत नाही, एवढीच त्यातली अडचण.

सरकार माझ्यावर संशय घेते, ही माझी तक्रार नाही. परवाना देताना चौकशी होते, नूतनीकरणाला पुन्हा होते. बंदूक कोणाच्या हाती जाते, हे सरकारने विचारलेच पाहिजे. तक्रार आहे ती वेगळीच. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून बंदूक जमा करण्याचा निरोप येतो. नियमाप्रमाणे कोणाची बंदूक जमा करून घ्यायची, हे छाननी समितीने माणूस पाहून ठरवायचे असते. आमच्याकडे निरोप मात्र सरसकट येत आला. विधानसभेचे मतदान २०१४ व २०१९ साली ऑक्टोबरात झाले, २०२४ साली नोव्हेंबरात. म्हणजे नेमकी तूर उभी असते, कपाशीची बोंडे फुटलेली असतात आणि डुकरांचा धुमाकूळ चालू असतो, तेव्हा माझी बंदूक ठाण्यात विश्रांती घेते. पावती घेऊन मी घरी येतो आणि रात्री डबा बडवत धुऱ्यावर बसतो.

अशा माणसाचा सरकारी शब्दावर आणि छापील शब्दावर पटकन विश्वास बसत नाही. या स्वभावाचा मला थोडा अभिमानही होता. २०१८ साली तो अभिमान उतरला.

दोन वाघिणी

आमच्या भागात जून २०१६ पासून माणसे वाघाच्या हल्ल्यात मरू लागली. बोराटी, सराटी, विहीरगाव, पिंपळशेंडा ही नावे तोवर तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. ऑगस्ट २०१८ पर्यंत बळींची संख्या तेरावर गेली, आणि त्या एका महिन्यातच तिघे गेले. कोणी गुरे चारायला गेलेला, कोणी वावरात काम करणारा. वनखात्याने त्या वाघिणीला ‘टी-१’ म्हटले. मुंबई-दिल्लीच्या वन्यजीवप्रेमींनी तिला ‘अवनी’ हे नाव दिले. आम्ही नुसते ‘वाघीण’ म्हणत होतो.

नावाप्रमाणे बातम्याही दोन झाल्या. एका बातमीत रक्ताला चटावलेली नरभक्षक होती, दुसरीत दोन बछड्यांची निष्पाप आई. तेराच्या तेरा बळी तिचेच होते काय, यावर न्यायालयातही वाद झाला. पण मथळ्यांमध्ये वाद नव्हता, तिथे आकडा ठाम होता. शहरात मेणबत्त्या घेऊन मोर्चे निघाले. त्यातल्या किती जणांनी बोराटीच्या शिवारात एक संध्याकाळ काढली असती, हा प्रश्न आमच्या पारावर रोज निघे. पण पारावरच्या आम्ही तरी जंगलात जाऊन पाहिले होते थोडेच! टिपेश्वरच्या अभयारण्याबाहेर वाघ का येत होते, जंगलाला लागून आणि जंगलातही वहिती कशी वाढली, चराईला दुसरी जागा का उरली नाही, याची चर्चा ना मुंबईत झाली, ना पारावर.

सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आदेश असा होता, की आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा आणि ते जमले नाही तरच गोळी घालावी. मग आमच्या जंगलात जत्रा भरली. कॅमेरे, ड्रोन, हत्ती, परदेशी जातीचे कुत्रे, उडते पॅराग्लायडर, आणि वाघिणीला ओढून आणण्यासाठी एक महागडे विलायती अत्तर! आम्ही हसलो. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोहिमेतला एक हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याच्या पायी चहांद गावात एका बाईचा जीव गेला, तेव्हा हसू मावळले. वाघापासून वाचवायला आणलेल्या हत्तीने माणूस मारला. यानंतर सरकारी सूचनांवर लोकांनी किती विश्वास ठेवावा?

“सांजच्याला वावरात जाऊ नका,” असे नाकेदार दवंडी दिल्यासारखे सांगत फिरत. आमच्या शेजारची म्हातारी त्यांना म्हणाली, “जाऊ नका म्हणता, मंग कापूस कोण वेचते? तुमचे साहेब वेचते काय?” सगळे हसले. नाकेदारही हसला. तो बिचारा आठ-आठ दिवस घरी गेलेला नव्हता.

एका रात्रीची गोष्ट

त्याच ऑक्टोबरमधली एक रात्र. त्या दिवशी वाघीण आमच्या बाजूला सरकल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. मी, इतरांना ‘छापील तेवढे खरे मानू नका’ असे शिकवणारा मास्तर, जागलीला जाताना बंदुकीत छर्रे घालून गेलो. मध्यरात्रीनंतर धुऱ्यालगतच्या तुरीत सळसळ झाली. तूर डोक्याएवढी वाढलेली. बॅटरी हातातून निसटली. मी बंदूक खांद्याला लावली आणि बोट चापावर गेले. काय दिसले म्हणाल, तर काहीच नाही. काळोख आणि हलणारी तूर. पण त्या क्षणी मला वाघीण दिसत होती, हे मी शपथेवर सांगितले असते.

“काका, मी आहो! मारू नका!”

शेजाऱ्याचा पोरगा होता. रात्रीची लाईन आली म्हणून विहिरीवरची मोटर सुरू करायला निघालेला. माझे पाय लटपटले. तो माझ्यापेक्षा लवकर सावरला. ठासलेली बंदूक तशीच घरी नेणे धोक्याचे, म्हणून मी नळी वर करून बार काढला. आवाज गावापर्यंत गेला.

सकाळी पारावर विचारणा झाली, “मास्तर, वाघीण होती काय?” खरे सांगण्याची लाज वाटली आणि भीतीही. परवाना डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, “अंधारात काहीतरी हललं खरं.” शब्द खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ पुरता खोटा होता. दोन दिवसांनी छापून आले, की आमच्या शिवारात वाघीण आली आणि एक शेतकरी थोडक्यात बचावला. वनखात्याची माणसे ठसे शोधायला आली, चिखल तुडवत तुरीत फिरली आणि हात हलवत गेली. चार दिवस एकही बाई आमच्या बाजूच्या वावरांत कापूस वेचायला आली नाही. त्यांची चार दिवसांची मजुरी माझ्या एका वाक्यात बुडाली.

खोट्या बातमीचा उगम शोधत मी मंत्रालयापर्यंत आणि संपादकाच्या खुर्चीपर्यंत बोट दाखवत असे. तो उगम माझ्याच पारावर, माझ्याच तोंडात निघाला.

२ नोव्हेंबरची गोळी

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाघीण मारली गेली. गोळी हैदराबादचे नेमबाज नवाब शफाअत अली खान यांचे पुत्र असगर अली यांनी झाडली. बेशुद्धीचे इंजेक्शन मारल्यावर ती अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे सांगण्यात आले. दिवाळी पाच दिवसांवर होती; आमच्याकडे फटाके आधीच वाजले, पेढेही वाटले गेले. दुसरीकडे मनेका गांधींनी याला सरळ हत्या म्हटले आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर टीका केली. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने स्वसंरक्षणाचा दावा मान्य केला नाही. गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड दुसरीकडे होते असा तिचा निष्कर्ष होता. इंजेक्शनाबद्दलही शंका घेतल्या गेल्या, आणि शस्त्र कायद्याच्या पालनाचाही प्रश्न समितीने काढला.

लोक मला विचारीत, “मास्तर, तुम्ही बंदूकवाले, तुम्हाला काय वाटते?” समितीपुढे शवविच्छेदनाचा अहवाल होता, माझ्यापुढे फक्त माझी एक रात्र होती. अंधारात बंदूक हाती असलेल्या माणसाला जे दिसते, ते तिथे असतेच असे नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. म्हणून गोळी झाडणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. पण त्याच कारणाने केवळ त्याच्या शब्दावर विसंबूनही चालणार नाही. जखम, ठसे, वेळ, कागद यांना विचारावे लागते. माझ्या तुरीत त्या रात्री चाप ओढला गेला असता, तर माझा शब्द कोणी मानला असता? आणि का मानावा?

संशयाचे पथ्य

मग कोणावरच विश्वास ठेवू नये काय? हा सोपा मार्ग आहे आणि आज तो फार लोकप्रियही आहे. हातातल्या मोबाईलवर कुठल्या तरी राज्यातला जुना वाघ ‘आत्ताच आपल्या गावाजवळ’ म्हणून येतो. दहा वेळा तो खोटा निघाला, की अकराव्या वेळी वनखात्याचा खरा इशाराही माणूस हसण्यावारी नेतो आणि वावरात जातो. सरसकट विश्वासाने माणूस फसतो, तर सरसकट अविश्वासाने एखाद्या दिवशी जीवही जातो.

आणि आपल्याच जिल्ह्याचा २०१७ सालचा पावसाळा विसरून कसे चालेल? कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्णालयाच्या खाटा भरत होत्या आणि सरकारी यंत्रणा सुस्त होती. तेव्हा वर्तमानपत्रांनीच तो विषय लावून धरला. त्यानंतर विशेष तपास पथक नेमले गेले. ज्या छापील शब्दाने एका वर्षी आमचे मरण जगापुढे आणले, तोच पुढच्या वर्षी माझ्या तुरीतली खोटी वाघीण घेऊन आला. दोन्ही खरे आहे. वाचकाने बातमीवर नव्हे, बातमीतल्या पुराव्यावर विश्वास ठेवायला शिकले पाहिजे. कोणी पाहिले, कुठून पाहिले, केव्हा पाहिले, हे त्यात आहे की नाही?

तीच गोष्ट सरकारची. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण जंगल त्या प्रमाणात वाढलेले नाही, म्हणजे असे प्रसंग पुन्हा येणार. तेव्हा वनखात्याने माणसाच्या मृत्यूचा अहवाल, नमुन्यांच्या तपासणीचा निकाल, वाघ पकडण्याचा वा मारण्याचा आदेश आणि नंतरची चौकशी, सारे मराठीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. गुप्ततेने शिस्त राहत नाही, अफवा वाढतात. वर्तमानपत्रांनीही वाघ मेला की विषय संपला असे समजू नये. अवनीची मादी बछडी डिसेंबर २०१८ मध्ये पकडली गेली, पेंचला वाढवली गेली, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली आणि त्याच महिन्यात मेली. आईसाठी उठलेल्या गदारोळाच्या शतांश आवाजही तेव्हा झाला नाही. आणि त्या तेरा घरांत पुढे काय झाले, मुले शिकली की शेत विकले गेले, हे विचारायला किती जण गेले?

माझ्या बंदुकीचा हिशेब सरकार मागते आणि मी देतो. मीही सरकारला आणि वर्तमानपत्राला हिशेब मागत राहणार, तो माझा हक्क आहे. पण मागणाऱ्याने आधी आपला हिशेब चुकता करावा, असे आमचे वडील सांगत. म्हणून आज लिहितो : ऑक्टोबर २०१८ च्या त्या रात्री आमच्या शिवारात वाघीण आली नव्हती. शेजाऱ्याचा पोरगा मोटर सुरू करायला चालला होता. ज्या बायांची मजुरी बुडाली, त्यांना हे सांगायला मला इतकी वर्षे लागली.