दोन्ही नावांत डुक्कर!

मुलांनो, हेजहॉग म्हणजे काय? ‘साळिंदर.’ आणि पॉर्क्युपाइन? तेही ‘साळिंदर’च! असं उत्तर वर्गात हमखास येतं. पण हे प्राणी अगदी वेगळे, बरं का.

आपल्या राधानगरीच्या रानातलं साळिंदर म्हणजे पॉर्क्युपाइन. ते उंदीर-खारींच्या गोतावळ्यातलं, रात्री कंदमुळं उकरून खाणारं. हेजहॉग जेमतेम वीतभर. तो किडे खातो आणि घाबरला की चेंडूसारखा गोल होतो. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात तो आढळतो.

गंमत म्हणजे दोन्ही इंग्रजी नावांत डुक्कर लपलंय! ‘हेज’ म्हणजे कुंपण, ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. पॉर्क्युपाइनचा जुन्या फ्रेंचमधला अर्थ ‘काटेरी डुक्कर’. आपल्या पूर्वजांना मात्र काटा दिसला. संस्कृतात शल्य म्हणजे बाणाचं टोक, रुतलेला काटा; आणि शल्यक म्हणजे साळिंदर. रुतलेलं शल्य काढतो तो शल्यचिकित्सक. सरकारी दवाखान्यात ही पाटी वाचली असेलच!

साळिंदर काटे फेकून मारतं, ही मात्र थाप. ते पाठमोरं अंगावर येतं आणि त्याचे सैल काटे समोरच्याला रुतून राहतात. म्हणून ते शेतात दिसलं तर दगड उचलू नका, लांबूनच वाट द्या. 1972 च्या कायद्याने त्याच्या शिकारीला बंदीही आहे.

पूर्वी इंग्रज हेजहॉगला ‘अर्चिन’ म्हणत. तेच नाव पुढे रस्त्यावरच्या पोरांना कसं चिकटलं? ते पुढच्या अंकात.