हौसेलाही तालीम हवी

‘आम्ही काय बुवा, हौशी खेळाडू!’ हे वाक्य खेळाच्या मैदानावर वारंवार ऐकू येते. त्यात नम्रता थोडी आणि पळवाट फार असते. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तयारीवाचून खेळणारा, हा अर्थ त्याला कोणी चिकटवला? एकांकिका स्पर्धेत उतरणारी आपली मुलेमुलीही हौशीच. पण तालमीवाचून रंगमंचावर पाऊल ठेवण्याचे धाडस त्यांच्यापैकी कोणी करील काय?

गोल्फच्या खेळात ही पळवाट फारच महागात पडते. येथे चेंडू स्थिर असतो आणि अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी नसतो. जे बिघडते ते बहुधा आपल्याच हातून. अठरा होलांचा डाव, प्रत्येक फटका मोजायचा आणि ज्याचे फटके कमी तो विजयी. तेव्हा ज्याला खेळ सुधारावयाचा आहे, त्याने आपले फटके कोठे खर्च होतात हे आधी पाहावे.

हिशेब साधा आहे. निष्णात खेळाडूकडून अपेक्षित असलेली फटक्यांची संख्या, म्हणजे ‘पार’, पूर्ण मैदानासाठी बहुधा ७२ असते. त्यांत दर होलला दोन, असे ३६ फटके हिरवळीवर पटरने चेंडू खळीत ढकलण्यासाठी धरलेले असतात. ही खळी अवघी सव्वाचार इंच व्यासाची! उलट चेंडू दूरवर भिरकावणारा ड्रायव्हर, चार आखूड होल वगळले तर, फार तर चौदा वेळा हाती येतो. आता आपल्या हौशी मंडळींचा सराव पाहा. अर्धा तास ड्रायव्हरने चेंडू आकाशात उडवायचे, चार जणांची ‘वाहवा’ मिळवायची आणि पटरला हातही न लावता पहिल्या होलकडे धावायचे. जे जमते त्याचाच सराव करायचा आणि जे अडते ते टाळायचे! परीक्षेच्या तोंडावर आपण विद्यार्थी तरी निराळे काय करतो?

माझ्या मते हौशी खेळाडूने थोड्याच सवयी लावून घ्याव्यात, पण त्या मोडू नयेत. खेळापूर्वी अर्धा तास आधी पोहोचावे. गवई तंबोरा जुळवल्यावाचून षड्ज लावीत नाही. तसे अंग मोकळे करून आधी लहान फटके, मग मोठे घ्यावेत. दव, ऊन आणि गवताची कापणी यांनी हिरवळीचा वेग रोज बदलतो, म्हणून लांबचे काही पट मारून तो अजमावावा. एखाद्या क्लबने कधीकाळी चेंडू दीडशे यार्ड गेला होता, ही आठवण विसरावी. तो नेहमी किती जातो ते वहीत लिहावे. प्रत्येक फटक्यापूर्वीचा क्रम एकच ठेवावा. आणि खेळ संपल्यावर कोणता फटका कशाने वाया गेला, याची नोंद करावी. नाही तर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे आहेच.

तयारीतली ढिलाई मोठ्यांनाही सोडत नाही. २००१ सालच्या ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी इयान वूसनम संयुक्तपणे आघाडीवर होता. पहिला होल त्याने सुरेख खेळला आणि दुसऱ्या होलवर कळले, की बॅगेत १५ क्लब आहेत. नियम १४ चा. सरावात वापरलेला जादा ड्रायव्हर तसाच राहिला होता. न मारलेल्या दोन फटक्यांचा दंड पदरी आला आणि स्पर्धेअखेर तो संयुक्त तिसरा राहिला. निघण्यापूर्वी बॅग एकदा मोजायला किती वेळ लागला असता?

उलट, हौशीपणा यशाच्या आड येत नाही याचेही दाखले आहेत. बॉबी जोन्सने १९३० साली एका वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व ॲमॅच्युअर अशा चारही स्पर्धा जिंकल्या. तो हौशी होता; व्यवसायाने वकील. आपल्याकडे पी. जी. सेठी यांनी १९६५ ची इंडियन ओपन जिंकली, तीही हौशी म्हणून.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, ही तक्रार खोटी नाही. मैदाने थोडी आणि सभासदत्व महाग. पण दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेल्या अली शेरने १९९१ साली हीच इंडियन ओपन जिंकली. उंची क्लब विकत मिळतात, सवयी मिळत नाहीत. पट मारण्याचा सराव तर घरच्या सतरंजीवर, आडवा पेला ठेवूनही होतो.

पैशासाठी खेळणाऱ्याला तयारी करणे भागच असते. हौशी खेळाडूवर तशी सक्ती नाही. म्हणूनच त्याने आपणहून केलेल्या तयारीचे मोल मला अधिक वाटते. ज्या गोष्टीवर आपले प्रेम आहे असे आपण म्हणतो, तिच्यासाठी रोजचा अर्धा तासही काढता येत नसेल, तर तिला हौस तरी का म्हणावे?