मंडळी म्हणजे सातबारा नव्हे!

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची निवडणूक जवळ आली की आमच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांत जे चालते ते ग्रामपंचायतीलाही लाजवील! पॅनेल उभी राहतात, जेवणावळी झडतात, यादीतून विरोधकांची नावे गाळली जातात. वर्षभर उपासनेकडे न फिरकलेले लोक मतदानाच्या दिवशी जीपगाड्यांतून उतरतात. हा आटापिटा कशासाठी? विधवेच्या घरी पीठ पोचवण्यासाठी? आजाऱ्याच्या उशाशी बसण्यासाठी? छे! मिशनच्या काळातल्या बंगल्याच्या आवारासाठी, शाळेतल्या नेमणुकांसाठी, रस्त्यालगतच्या गाळ्यांच्या भाड्यासाठी!

आणि हे करणारे स्वतःला ‘वडील’ म्हणवतात! पौलाने मिलेताहून निरोप धाडून इफिसच्या वडिलांना बोलावून घेतले, तेव्हा त्याने त्यांच्यापुढे काय ठेवले? आपले हात! तंबू शिवून राबलेले हात. कुणाच्या सोन्याचा, रुप्याचा, वस्त्राचा लोभ आपण धरला नाही, हे तो त्यांच्या तोंडावर सांगू शकला. पुढे त्याने बजावले की लांडगे बाहेरून येतील, आणि तुमच्यातूनही माणसे उठतील. आज उठली आहेत! तीमथ्याला लिहिताना त्याने मंडळीच्या अध्यक्षाची कसोटी घालून दिली. तो द्रव्यलोभी नसावा, मद्यपी नसावा, भांडखोर नसावा, अतिथीला दार उघडणारा असावा, बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. या कसोटीला आमचे किती पुढारी उतरतील? योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक गृहस्थ आहे. त्याला पहिला मान हवा होता, म्हणून तो बंधुजनांना मंडळीबाहेर घालवीत असे. गावोगावच्या दियत्रफेसांनो, शास्त्रात तुमचा उल्लेख आहे, पण तो असा आहे!

गल्लोगल्ली फलक लावून स्वतःला ‘प्रेषित’ म्हणवणारे आणि तेलाच्या बाटल्या विकणारेही याच माळेतले मणी. मोठ्या चर्चच्या पुढाऱ्यांनी मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून सुटू नये.

एका रविवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. अर्पणाची थैली फिरत आली. शेजारच्या म्हातारीने पदराची गाठ दातांनी सोडली, घडी घालून घालून बोटाएवढी झालेली दहाची नोट काढली, कपाळाला लावली आणि थैलीत सोडली. त्याच वेळी पुढे मखमली खुर्चीवर बसलेले चेअरमन मोबाईलवर वकिलाशी कुजबुजत होते. त्या दहा रुपयांतून वकिलाची फी जाते, हे त्या माउलीला कुणी सांगितले आहे काय?

ही कोर्टबाजी नवी नाही. १९७० साली नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. त्या विलीनीकरणातून गुजरातच्या ब्रदरन चर्चमध्ये उठलेल्या वादावर सर्वोच्च न्यायालयाला २००५ साली निकाल द्यावा लागला आणि २०१३ साली पुन्हा द्यावा लागला. त्रेचाळीस वर्षे! करिंथच्या मंडळीतले भाऊ एकमेकांना न्यायालयात खेचू लागले, तेव्हा पौलाने विचारले होते की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हा प्रश्न आमच्या किती व्यासपीठांवरून विचारला जातो?

मग खरी मंडळी कशात असते? दगडी मनोऱ्यात नव्हे. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरात मंडळी भरत होती. करिंथात धनवान आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना खडसावले. एकाच्या ताटाकडे दुसऱ्याचे लक्ष नसेल, तर तिथे मंडळी नाही, मग गायन कितीही सुरेल असो! हे आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती माणसांना कुणी नव्याने शिकवायला नको. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पाणी नाकारले गेले, अशा घरांतली माणसे आमचे पूर्वज होती. प्रभूच्या मेजाशी त्यांना कुणी मागे सारत नव्हते, म्हणून ते मेज त्यांना प्राणाहून प्रिय होते. त्यांची नातवंडे त्याच मेजाभोवती पॅनेल उभी करतात! हे पाप आहे, आणि त्याला दुसरे नाव नाही!

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत ही त्यांची आस होती. पगार गेला, मिशनचा आधार गेला. दोन वर्षांत ते वारले. त्यांची गीते आम्ही दर रविवारी गातो. त्यांच्याप्रमाणे एक खुर्ची सोडायला मात्र कुणी तयार नाही!

बंधुभगिनींनो, येत्या वार्षिक सभेत गप्प बसू नका. आवाराचे भाडे किती आले, कुणी घेतले, वकिलाला किती गेले आणि विधवांना किती, हे उभे राहून विचारा. जो उत्तर देणार नाही, त्याला मत देऊ नका.